माळेत न बसलेला झेंडू

अकरावीत असताना माझ्या चेहऱ्यावर पुटकुळ्या आल्या आणि त्यांच्या मागोमाग सल्ले आले. बडोद्यात पुटकुळ्यांवर बोलायला ओळख लागत नाही. भाजीवाली बोलायची, ट्यूशनच्या सरांची आई बोलायची, एकदा तर रिक्षावाल्यानं आरसा माझ्याकडे वळवून कडुलिंबाचे गुण सांगितले. मी मान हलवायची आणि दुसऱ्या दिवशी सायकलवर निघताना स्कार्फ आणखी घट्ट बांधायची. आमच्या गावात मुली उन्हासाठी तोंडाला स्कार्फ बांधतात, असं सगळे समजतात. काही जणी दुसऱ्या कारणासाठी बांधतात, पण त्या ते सांगत नाहीत.

सगळ्यात जवळचा सल्ला समोरच्या दारात राहायचा. मांजलपूरच्या आमच्या सोसायटीत एका मजल्यावर दोन फ्लॅट, एक आमचा आणि एक मासींचा. मासी म्हणजे शेजारच्या गुजराती बाई. पुढच्या खोलीत त्यांचं ब्यूटी पार्लर आहे: एक फिरती खुर्ची, एक मोठा आरसा, आणि फ्रिजमध्ये भाजीच्या शेजारी निरनिराळ्या वाट्या. मासींचा विश्वास झेंडूवर. त्या त्याला गलगोटा म्हणतात. तेलकट चेहऱ्याला गलगोटा आणि दही, कोरड्याला गलगोटा आणि साय, उन्हानं काळवंडलेल्या मानेला गलगोटा आणि मसुराचं पीठ. भुवया कोरून झाल्या की त्या पाकळ्यांच्या गार पाण्यात कापूस बुडवून टिपायच्या. लाली खरंच लवकर उतरायची. मात्र कुठलाही लेप आधी कानामागे लावून थांबायचं, खाज सुटली तर पुढे जायचं नाही, हा त्यांचा कायदा होता आणि तो त्यांनी कुठल्याही गिऱ्हाइकासाठी मोडला नाही.

माझ्या कानामागे काही झालं नाही. म्हणून त्यांनी चेहऱ्यावर दही-झेंडू थापला आणि तेवढ्यात एक नवरी मेहंदीचं विचारायला आली. नवरीबरोबर तिच्या तीन मावश्या होत्या. मी खुर्चीत वाळत बसले. हाक मारायची म्हणजे त्या सगळ्या जणींनी वळून बघितलं असतं, म्हणून मारली नाही. लेप निघाला तेव्हा माझा चेहरा हळदीसारखा पिवळा झाला होता आणि कानापाशी एक सरळ रेघ होती, तिथून पुढे मी नेहमीच्या रंगाची.

दुसऱ्या दिवशी वर्गात पिवळेपणा थोडा उरला होता. बाकावरच्या मुलीनं निरखून बघितलं आणि विचारलं, “पीठी?” गुजरातीत लग्नाच्या हळदीला पीठी म्हणतात. मी गडबडून काहीच बोलले नाही आणि मधल्या सुट्टीपर्यंत माझं लग्न ठरलेलं होतं. ते मोडायला मला बोलावं लागलं असतं. मी डबा खाल्ला. लग्न आपोआप मोडलं.

पुटकुळ्या मात्र हळूहळू बसल्या. दह्यानं की झेंडूनं की वय पुढे गेल्यानं, माहीत नाही, पण झेंडूचं आणि माझं जमलं. कॉलेजात गेल्यावर मी घरी तेल करायला लागले. गॅलरीत वर्तमानपत्रावर पाकळ्या वाळवायच्या, काचेच्या बरणीत खोबरेल तेलात घालायच्या, बरणी उन्हात ठेवायची. तेल केशरी झालं की गाळायचं. थंडीत त्यात थोडं मेण वितळवलं की मलम. आईच्या भांडी घासून फुटलेल्या हातांना ते लागायचं, बाबा दाढी केल्यावर गुपचूप लावायचे. बाबा कोयलीच्या रिफायनरीत प्रयोगशाळेत आहेत. त्यांनी पहिली बरणी प्रकाशासमोर धरून बघितली होती.

“हा रंग पाण्यात उतरत नाही, तेलात उतरतो,” ते म्हणाले. “म्हणून तुझ्या मासींचं पाणी फिकं आणि तुझं तेल असं.”

“मासींना सांगू?”

“तू? सांग की.”

मी अर्थातच सांगितलं नाही.

ज्या वर्षाबद्दल लिहायला बसले आहे ते माझं युनिव्हर्सिटीतलं शेवटचं वर्ष. पावसाळ्यात झेंडू ओला आणि सुरकुतलेला मिळतो, तेलात घातला तर बुरशी धरतो, म्हणून नवरात्र आलं तेव्हा माझी बरणी रिकामी होती. एरवी त्यानं काही बिघडलं नसतं.

आईची नवरात्रं दोन असतात. सकाळचं मराठी, रात्रीचं गुजराती. सकाळी घट. पत्रावळीवर काळी माती, तीत पेरलेलं धान्य, मधे कलश, आणि वरच्या लाकडी पट्टीला रोज झेंडूची एक माळ. आधीची माळ काढायची नाही, तिच्या शेजारी नवी टांगायची. शेवटच्या दिवशी पट्टीवर एका टोकाला करपलेला तपकिरी आणि दुसऱ्या टोकाला ताजा केशरी, असं सगळं नवरात्र ओळीनं लटकत असतं. माळ ओवायचं काम माझं. ते मला आवडतं, कारण कुणी काही विचारलं तरी सुईवरची नजर न काढता ‘हं’ म्हणता येतं. बोटांना दुपारपर्यंत तो उग्र, हिरवट वास राहतो.

रात्री आई चणिया-चोळी घालून सोसायटीच्या ग्राउंडवर गरबा खेळते. खेळते म्हणजे अशी, की गुजराती बायका तिच्या मागे जागा धरतात. देवी मधे असते म्हणून अनवाणी खेळायचं, हे तिचं ठाम. माझं काम कडेच्या प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसायचं. एका पिशवीत आईच्या चपला, एका हातात पाण्याची बाटली. सोसायटीत मला ‘चंपलवाळी दीकरी’, चपलांवाली पोरगी, म्हणायचे, ते मला चालायचं. काम असलं की माणसाला कुणी उठवत नाही.

त्या वर्षी पावसाळ्यात पाइप टाकायला ग्राउंड खणलं होतं आणि वर नवा मुरूम टाकला होता. रोलर फिरवला होता म्हणे. तिसऱ्या दिवशी सकाळी आई भिंतीला हात लावत स्वयंपाकघरात आली. टाचांच्या भेगा जुन्याच होत्या, पण त्यांत आता बारीक खडे शिरले होते. दोन्ही अंगठ्यांच्या खाली फोड आले होते, त्यांतला एक फुटला होता.

“डॉक्टरकडे चल,” बाबा म्हणाले.

“डॉक्टर पाय बघायच्या आधी म्हणतील, गरबा बंद.”

तरी ते तिला घेऊन गेले. डॉक्टरांनी फुटलेला फोड धुऊन त्यावर पट्टी लावली, दुसरा फोडू नका म्हणाले, पाय स्वच्छ आणि मऊ ठेवा म्हणाले, आणि विश्रांती घ्या म्हणाले. शेवटचं वाक्य आईला ऐकू आलं नव्हतं, असं तिनं घरी येऊन आम्हाला सांगितलं.

दुपारी मासी आल्या. आईचा पाय मांडीवर घेऊन त्यांनी पार्लरच्या सवयीनं बोटं ताणून बघितली.

“आ पग लईने क्यां जशो, भाभी? मोजां पहेरी लो. हवे तो बधां पहेरे छे.”

आई मासींशी छान गुजराती बोलते, पण हट्टाला आली की मराठीवर येते. “मोजे घालून देवीभोवती फिरायचं?”

“तो चंपल.”

आईनं नुसतं बघितलं.

“तो घेर बेसो.”

“घरी? ते तर नाहीच.”

मासींनी सुस्कारा सोडला आणि माझ्याकडे वळल्या. गलगोट्याच्या पाण्यात पाय बुडवून ठेवायचे, मग भेगांना तेल, त्यांच्याकडे ताजी फुलं आहेत, आत्ता आणते. आई म्हणाली, “तुमच्याकडे माताजी बसल्यात. त्यांची फुलं माझ्या पायाला?”

“मग मार्केटमधून वेगळी आणते,” मी म्हणाले.

“नवरात्रात घरात आलेलं फूल आधी तिचं,” आई हनुवटीनं घटाकडे दाखवत म्हणाली. “तिला वाहायचं ते पायाला लावायचं नाही. आणि तिला वाहिलेलं तर नाहीच नाही.”

मासींनी पाय खाली ठेवला. “भाभी, आ पग कोना माटे दुखे छे? माताजी माटे ज ने? तो माताजी पोते दवा न आपे?”

बाबांनी वर्तमानपत्र खाली केलं. “मुद्दा बरोबर आहे. पाय देवीसाठी दुखतात, तर औषधही तिनंच द्यावं.”

“तुम्ही पेपर वाचा,” आई म्हणाली.

संध्याकाळी बाबांनी औषधाच्या दुकानातून एक ट्यूब आणली. भेगांसाठी, केशरी झाकणाची. आईनं ती हातात घेऊन उलटसुलट केली. “हे चालेल. दुकानातलं आहे.” दुकानातल्या गोष्टींवर देवीचा हक्क नसतो, असा तिचा हिशेब असावा. तिनं ती लावली, रात्री गेली, चौथ्या रात्रीही गेली. फार छान खेळली नाही, पण खेळली.

पाचव्या दिवशी सकाळी चहा पिताना ट्यूब माझ्यासमोर पडली होती. इंग्रजी शाळेत गेल्यापासून मला डबा, पाकीट, बाटली, जे समोर येईल त्याची मागची बाजू वाचायची सवय आहे. माणसांकडे बघण्यापेक्षा ते बरं पडतं. मी वाचलं आणि मला आनंदच झाला.

“आई, यात झेंडूच आहे की. म्हणजे आपला नाही, त्याचं लांबचं भावंड. युरोपात क्रीममध्ये हेच घालतात. हे बघ, चित्रपण आहे.”

आईनं चित्र बघितलं. मग झाकण घट्ट लावलं, ट्यूब कपाटात ठेवली, घटासमोर उभं राहून हात जोडले आणि म्हणाली, “दसऱ्यानंतर बघू.”

बाबा माझ्याकडे बघत राहिले. “वर्षभर आम्ही तुझ्या तोंडून एक वाक्य काढायला धडपडतो,” ते म्हणाले. “ते आजच निघायचं होतं?”

त्या रात्री गरबा निम्मा व्हायच्या आत आई गोलातून बाहेर आली आणि माझ्या शेजारच्या खुर्चीत बसली. इतक्या वर्षांत ती तिथं कधी बसली नव्हती. मी बाटली दिली. तिनं पाणी प्यायलं, पाय समोर सोडले आणि गोलाकडे बघितलं.

“इथून सगळंच दिसतं की,” ती म्हणाली. “तू रोज हे बघतेस?”

“हं.”

“त्या निळ्या ओढणीवालीचा हात चुकतोय.”

“ती पहिल्या दिवसापासून चुकतेय.”

आई हसली. थोड्या वेळानं, गोलावरची नजर न काढता, तिनं सांगायला सुरुवात केली. ती कराडहून लग्न होऊन आली तेव्हा तिला गुजरातीचा एक शब्द येत नव्हता. बाबांच्या घरची माणसं कित्येक पिढ्या इथली, संस्थानात नोकऱ्या केलेली. ती सगळी घरात मराठी आणि उंबऱ्याबाहेर गुजराती अशी चप्पल बदलावी तितक्या सहज बदलायची. आईला ते जमेना. एकदा ती काडेपेटी आणायला कोपऱ्यावरच्या दुकानात गेली, दुकानदारानं काहीतरी विचारलं, आणि ती तशीच परत आली. दुसऱ्या दिवशीही गेली आणि परत आली. घरात काडेपेटी संपली आहे हे कुणाला कळू नये म्हणून तिनं देवाजवळची नंदादीपाची ज्योत दिवसभर जपली आणि तिच्यावर कागद पेटवून गॅस लावला.

“मग नवरात्र आलं,” ती म्हणाली. “शेजारणीनं हात धरून गोलात ओढलं. तिथं कुणी काही विचारलं नाही. पुढच्या बाईच्या हाताकडे बघायचं आणि टाळी द्यायची. बस. बोलायचं कामच नाही. दसऱ्याला दुकानात गेले तर गोलातलीच एकजण तिथं उभी. ‘केम छो’ म्हणाली. मी पण म्हणाले. मग मागितली काडेपेटी.”

ढोल जरा वेळ थांबला होता, पुन्हा सुरू झाला.

“तेव्हापासून एक रात्र सोडली नाही. तू पोटात होतीस तेव्हा हळू खेळले, पण खेळले. सोडली की मला उगाच वाटेल...” तिनं वाक्य अर्धं ठेवलं. मग पट्टी नीट केली, उठली आणि शेवटच्या फेरीत शिरली, म्हणजे रात्र मोडली असं व्हायला नको. तिचा उजवा पाय पूर्ण टेकत नव्हता. तो मला खुर्चीतून नीट दिसत होता. अजून चार रात्री होत्या.

सहाव्या दिवशी सकाळी मी माळ ओवायला बसले. बाबांनी पहाटे खंडेराव मार्केटमधून आणलेली पिशवी शेजारी. झेंडू ओवताना सुई फुलाच्या हिरव्या बुडातून, बरोब्बर मधून जावी लागते. जरा कडेनं गेली तर बूड चिरतं आणि पाकळ्या मांडीवर सांडतात. तसं एक चिरलं. आई पलीकडे वाती वळत होती. तिनं बघितलं.

“तुटलेलं देवीला चालत नाही,” ती म्हणाली. “बाजूला ठेव.”

मी वाटी आणली आणि बाजूला ठेवलं. ठेवता ठेवता त्याच्याकडे बघितलं. देवीला चालत नाही. म्हणजे देवीचं नाही. म्हणजे ते या घरात नवरात्रात आलेलं, पण कुणाचंच नसलेलं फूल होतं.

पुढचं फूल मी हातात घेतलं. सुई जरा कडेनं गेली.

त्या सकाळी माझ्या हातून बरीच फुलं चिरली. मी मान वर केली नाही. आईनं वाती संपवल्या, कापूस डब्यात भरला, आणि उठताना वाटीकडे बघत म्हणाली, “तुझ्या हाताला काय झालंय आज?”

“सुई बोथट आहे.”

“हं,” आई म्हणाली. माझं ‘हं’ कुठून आलं ते मला तेव्हा कळलं.

उन्हात बरणी मुरवत ठेवायला वेळ नव्हता. बाबांची दुपारची शिफ्ट होती, म्हणून ते घरी होते. मी त्यांना फक्त वाटी दाखवली. त्यांनी वाटी बघितली, स्वयंपाकघराच्या दाराकडे बघितलं, आणि प्रयोगशाळेतल्या आवाजात हळू म्हणाले, “थेट आचेवर ठेवू नकोस, करपेल. पातेल्यात पाणी, पाण्यात भांडं, भांड्यात तेल. पाणी उकळू द्यायचं नाही, नुसतं गरम.” निम्म्या पाकळ्या मी तशा तेलात सोडल्या. उरलेल्या पाकळ्या पाण्यात उकळल्या आणि ते पाणी गाळून कोमट होऊ दिलं. दुपारी आईसमोर टब ठेवला.

आईनं टबातलं फिकट पिवळं पाणी बघितलं. “हे काय?”

“माळेत न बसलेली,” मी म्हणाले. “तुटकी. तू बाजूला ठेव म्हणालीस ती.”

ती टबाकडे बघत राहिली. मला वाटलं आता आणखी एक नियम निघणार. नवरात्राचे नियम तिच्या डोक्यात आहेत, कुठं लिहिलेले नाहीत, त्यामुळे किती आहेत हे आम्हाला कधी कळलेलं नाही. पण नियम निघाला नाही. तिनं पट्टी पाण्याबाहेर राहील असा पाय वाकडा धरला आणि टाचा पाण्यात सोडल्या.

“कोमट आहे,” ती म्हणाली. एवढंच.

मग पाय पुसून भेगांना तेल, वर मऊ सुती कापडाची घडी. फुटलेल्या फोडाला मी हात लावला नाही, तो डॉक्टरांचा. तेल गरम असताना केशरी दिसत होतं, आईच्या टाचेवर मात्र नुसतं चकाकत होतं. संध्याकाळी मासी डोकावल्या, भांडं उचलून वास घेतला आणि म्हणाल्या, “ले, आ तो सोनुं थई गयुं.” कुठून आली फुलं, असं त्यांनी विचारलं नाही. पार्लरवाल्या बायकांना काय विचारायचं नाही हे चांगलं कळतं.

सहावी रात्र आई खेळली. सातव्या सकाळी सुई आणखी बोथट झाली होती.

झेंडूनं किती केलं आणि दुपारभर पाय वर करून बसल्यानं किती, हे मी सांगू शकत नाही. पण टाचा मऊ पडल्या, खडे निघून गेले, न फुटलेला फोड आपोआप बसला. आई भिंत सोडून चालायला लागली. अडचण वेगळीच झाली. आमच्या घटावर माळा शेजारी शेजारी लटकतात हे मी विसरले होते. पहिल्या पाच माळा कलशापर्यंत आलेल्या. सहावी त्यांच्याहून वीतभर वर. सातवी तिच्याहून वर. आठवी तर गळ्यातल्या माळेएवढी. जिना चढत जावा तसं ते दिसत होतं, आणि अष्टमीला तर सोसायटीतल्या बायका हळदीकुंकवाला येतात.

मासी सगळ्यांत आधी आल्या. हात जोडले, डोळे मिटले, उघडले, आणि डावीकडून उजवीकडे माळा बघत गेल्या.

“भाभी,” त्या गंभीरपणे म्हणाल्या, “तमारां माताजी तो रोज पातळां थतां जाय छे.”

मी कुंकवाची कोयरी घट्ट धरली. खोलीत आणखी दोघीतिघी होत्या. आई खणाची घडी करत होती. तिनं वरही बघितलं नाही.

“सुई बोथट आहे,” ती म्हणाली.

मासींनी माझ्याकडे बघितलं. मी कोयरीकडे बघितलं.

नवव्या रात्री ग्राउंडवर इतकी गर्दी होती की माझ्या खुर्चीला जागा मिळायला कष्ट पडले. सुरुवातीचा संथ गरबा चालू होता, दोन टाळ्यांचा. आईनं कडेला येऊन चपला काढल्या. मी पिशवी उघडून पुढे केली. तिनं चपला आत टाकल्या आणि पिशवी माझ्या हातातून घेतली.

“चल,” ती म्हणाली.

“कुठं?”

“एक फेरी. मला पाय जपून टाकायचाय. मागून कुणी घाई केली तर चुकेल. तू मागे राहा.”

“चपला?”

“चपला कोण नेतंय.”

“लाव, हुं पकडुं,” मागून मासींचा हात आला. त्यांनी पिशवी घेतली, बाटली घेतली आणि माझ्या खुर्चीत ऐसपैस बसल्या. जागा गेली म्हटल्यावर न जायला मला दुसरं कारण उरलं नाही. मी चपला काढल्या. मुरूम बऱ्यापैकी टोचत होता.

आत शिरताना मला वाटलं सगळे बघतील. कुणी बघितलं नाही. निळ्या ओढणीवालीचा हात अजून चुकत होता आणि तिलाही कुणी बघत नव्हतं. पुढच्या बाईच्या हाताकडे बघायचं होतं आणि पुढची बाई आई होती. ती वाकली की मी वाकायची, तिनं टाळी दिली की मी, ती वळली की माझ्याकडे तोंड यायचं, पण आम्ही काही बोलत नव्हतो. कुणाशीच बोलायचं नव्हतं. एक फेरी म्हणून गेले होते. ढोल वाढला तेव्हा मी बाहेर निघायला हवं होतं, पण बाहेर निघायला गोल मोडून दोन बायकांना ‘जरा जाऊ द्या’ म्हणावं लागलं असतं. त्यापेक्षा खेळणं सोपं होतं. आई शेवटच्या आरतीपर्यंत गोलात होती. आरती झाल्यावर ती कमरेवर हात ठेवून, धापा टाकत, नुसती उभी राहिली आणि देवीकडे बघत राहिली. मग म्हणाली, “झालं,” आणि मासींकडून चपला घेतल्या.

दसऱ्याच्या सकाळी मी पलंगावरून पाय खाली टाकला आणि परत वर घेतला. ज्या पायांनी कधी ग्राउंड बघितलं नव्हतं त्यांना ग्राउंडनं चांगलंच ओळखलं होतं. दोन्ही टाचा लाल, एका बोटाखाली फोड. मी जरा जास्त सरळ चालत बाहेर आले. दारात आई तोरणाची तयारी मांडून बसली होती. आंब्याची पानं, दोरा, आणि परातीत झेंडूचा ढीग, टपोरा, दसऱ्याचा. मी शेजारी बसून सुई घेतली. आईनं ती माझ्या हातातून काढून घेतली.

“पाय बघू.”

मी पाय पुढे केला. तिनं बघितला. परातीतलं सगळ्यांत मोठं फूल उचललं, बोटांत फिरवलं, देठाकडून निरखलं.

“हे जरा किडकं वाटतंय,” ती म्हणाली, आणि ते वाटीत ठेवलं.

फूल ठणठणीत होतं. तिनं दुसरं उचललं.

“हेही.”

तिसऱ्याला तिनं कारणसुद्धा दिलं नाही. बाबा खालून स्कूटर धुऊन, हार न्यायला वर आले होते. दारात उभं राहून त्यांनी वाटी बघितली, परात बघितली, आम्हा दोघींकडे बघितलं.

“स्कूटरपुरतं एखादं धड राहू द्या,” ते म्हणाले, आणि पातेल्यात पाणी ठेवायला आत गेले.